गळ्यात, पाठीवर, कमरेला

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या तिशीपूर्ती स्नेहमेळाव्यात ‘माझा छंद’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिन्यापूर्वी संयोजकांचा फोन आला. म्हणाले, तू सायकल चालवतेस आणि फोटो काढतेस, वीस मिनिटं बोल. मी विचारलं, सायकलवर बोलू की फोटोंवर? तिकडून उत्तर आलं, “दोन्ही एकत्र कर ना, वेळ वाचेल.” हे वाक्य त्यांनी सहज टाकलं असेल, पण मी ते अक्षरशः घेतलंय. आज मी सायकलच्या फायद्यांवर बोलणार नाही. तब्येतीचे सल्ले आपल्या ग्रुपवर रोज सकाळी साडेपाचपासून येतच असतात. फोटो कसा काढावा हेही सांगणार नाही, तेवढी मी मोठी नाही. मी बोलणार आहे ते या दोन्हींच्या मधल्या जागेवर. सायकल चालवताना कॅमेरा ठेवायचा कुठे?

हसू नका. या एका प्रश्नात माझी तीस वर्षं गेली आहेत. माझी एक कॉलरबोनही गेली आहे. आणि आणखी एक गोष्ट गेली आहे, ती शेवटी सांगते.

माझी ओळख करून देताना निवेदिकेनं ‘आयटीतली मोठी अधिकारी’ असं काहीतरी म्हटलं, ते दुरुस्त करते. मी कराडला इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. दुसऱ्यांनी लिहिलेलं का चालत नाही हे शोधणं हे माझं मुख्य काम. पस्तिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मी सायकल घेतली. शाळेत असताना रोज दोन्ही वेळा पोवई नाक्याचा चढ चढणारी मी, पहिल्या दिवशी खडकवासल्याच्या अलीकडेच उसाच्या रसाच्या गाडीवर थांबले. पुढे हळूहळू जमलं. कॅमेरा आधीपासून होता. बॉडी आणि लेन्स मिळून सातशे ग्रॅम, लांबची लेन्स घेतली तर आणखी पावणेचारशे. म्हणजे साधारण एक किलो. बाजारातून एक किलो कांदे आणताना आपण विचार तरी करतो का? पिशवी हॅन्डलला अडकवली की झालं. पण कांद्याला हादरे बसले तर काही होत नाही, आणि कांदा अचानक बाहेर काढून धनेश पक्ष्यावर रोखायचा नसतो.

पहिली पद्धत, जी सगळेच करतात. गळ्यात अडकवायचा. घराबाहेर पडताना एकदम छान वाटतं. पण सायकलवर आपण पुढे वाकतो. वाकलं की कॅमेरा छातीपासून सुटतो आणि लोंबायला लागतो. मग तो गुडघ्यावर आपटतो, हॅन्डलवर आपटतो, आणि मानेमागे पट्टा काचतो. सपाटीवर हे निभावतं. यवतेश्वरच्या घाटात मात्र एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. मी जितकी दमत जाई, तितका कॅमेरा जास्त झोके घेई. मला वाटलं, दमल्यामुळे मीच वेडीवाकडी चालवतेय. घरी येऊन गळ्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं तर छत्तीस सेंटिमीटर. आणि मग मला आपल्या विज्ञानाच्या सरांचा तास आठवला. सर, तुम्ही खिडकीच्या गजाला दोरा बांधून धातूचा गोळा सोडला होता आणि आम्हाला वीस झोके मोजायला लावले होते. मागच्या बाकांवरच्या मंडळींनी सतरा मोजले होते. त्या लंबकाच्या सूत्रात छत्तीस सेंटिमीटर घाला, एका पूर्ण झोक्याला एक पूर्णांक दोन दशांश सेकंद येतात. चढावर दमलेला माणूस पायडल मारतो मिनिटाला साधारण पन्नास. म्हणजे एका फेरीला किती? एक पूर्णांक दोन दशांश सेकंद! प्रत्येक फेरीला अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकतं आणि झोपाळ्याला जसा बरोबर वेळेवर धक्का द्यावा तसा त्या कॅमेऱ्याला धक्का मिळत राहतो. माझा कॅमेरा मीच झुलवत होते. पट्टा लांब केला तर लय मोडते, पण मग तो थेट गुडघ्यावर. सर, तुमचा तो प्रयोग उपयोगी पडला, फक्त पंचवीस वर्षांनी.

दुसरी पद्धत पाठीवरची सॅक. कॅमेऱ्यासाठीची खास सॅक मिळते, आत कप्पे, गाद्या, सगळं. कॅमेऱ्याची सोय उत्तम, माणसाची नाही. तासाभरात पाठ घामानं चिंब होते, आणि घामाची वाफ सॅकच्या कापडातून आतही जाते. वजन खांद्यांवर येतं, तिथून हातांवर, आणि तीस किलोमीटरनंतर करंगळी बधिर होते. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. थांबायचं, एक पाय टेकायचा, सॅक उतरवायची, चेन उघडायची, झाकण काढायचं, चालू करायचं. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, सव्वा मिनिट. सव्वा मिनिटात धनेश कोयनानगरला पोहोचतो. आणि याहून वाईट म्हणजे आपण हळूहळू थांबायचंच बंद करतो. ‘जाऊ दे, कोण काढतंय’ असं म्हणत पुढे जातो. माझ्या एका कासच्या फेरीत मी पन्नास किलोमीटर कॅमेरा वाहिला आणि एकही फोटो काढला नाही. मग तो नेला कशाला? आमच्या कामात याला एक नियम आहे. जी गोष्ट वारंवार लागते ती हाताशी ठेवा, जी कधीतरी लागते ती लांब ठेवली तरी चालेल. स्वयंपाकघरात हे आपल्या आयांना कुणी शिकवावं लागलं नाही, मिसळणाचा डबा ओट्यावरच असतो.

सॅकबद्दल एक गंभीर सूचना मात्र देते. मणक्याच्या रेषेवर कठीण वस्तू ठेवू नका. पाठीवर पडलात तर तीच वस्तू मणक्यात घुसते. कॅमेराच असं नाही, कुलूप, पंप, पान्हे, काहीही.

तिसरी पद्धत कॅरिअर. मागे बॅग लावायची, त्यात कॅमेरा. माणूस मोकळा, पाठ मोकळी. पण सायकलला स्प्रिंग नसतात हे विसरून चालत नाही. मग आपल्याला हादरे कमी का लागतात? कारण खड्डा आला की आपण नकळत सीटवरून किंचित उठतो, कोपरं सैल सोडतो. आपले हातपाय हेच आपले शॉकअप. कॅरिअरला हातपाय नाहीत. चाकाचा प्रत्येक धक्का सळईतून थेट बॅगेत. मी मऊ स्पंज भरला, भांडी घासायचे चक्क आठ स्पंज. तेही चुकलं. मऊ स्पंज पहिल्याच मोठ्या धक्क्याला पूर्ण दबतो आणि कॅमेरा तळाला आपटतो, म्हणजे स्पंज असून नसल्यासारखा. तळाला टणक थर हवा, त्यावर मऊ. जुन्या योगा मॅटचे दोन थर आणि त्यावर स्पंजाचा एक, हे मला सगळ्यात बरं वाटलं. तरी दोन महिन्यांनी एके दिवशी लेन्स हातात घेतली तर ती खुळखुळत होती. आतले बारीक स्क्रू हादऱ्यांनी सैल झाले होते. दुरुस्ती करणाऱ्यानं विचारलं, “ताई, रिक्षात ठेवता का?”

मग चौथी, हॅन्डलवरची बॅग. ही सगळ्यात सोयीची वाटते. डोळ्यांसमोर असते, सीटवर बसल्या बसल्या उघडता येते. सव्वा मिनिटाचे दहा सेकंद झाले. मी खूश. वजन पुढे गेल्यामुळे हॅन्डल थोडं जड वाटतं, वळणावर सायकल उशिरा ऐकते, पण त्याची सवय होते. सवय झाली की माणूस निष्काळजी होतो. २०१९ सालच्या सप्टेंबरमधली गोष्ट. मी आईकडे आले होते आणि पहाटे कासला निघाले. वर दाट धुकं, पठारावर सोनकी आणि तेरडा नुकता भरात येत होता, गर्दी अजून यायची होती. मनासारखे फोटो मिळाले. परतताना घाट उतरून झाला, सपाट रस्ता लागला आणि मला एका झाडावर शिक्रा दिसला. थांबले, फोटो काढला, कॅमेरा बॅगेत टाकला, चेन पूर्ण लावली नाही. म्हटलं, शिक्रा पुढे परत बसेल. शंभरेक मीटर गेले असेन. कॅमेऱ्याचा पट्टा बॅगेच्या तोंडातून बाहेर आला, खाली लोंबला, आणि पुढच्या चाकाच्या आऱ्यांमध्ये गेला.

पुढचं चाक अचानक थांबलं की काय होतं ते मी वर्णन करत नाही. वेग फार नव्हता, वीसच्या आतबाहेर. मी हॅन्डलवरून पुढे गेले आणि डाव्या खांद्यावर पडले. हेल्मेट होतं म्हणून आज इथे उभी आहे. ते मधोमध चिरलं होतं. मागून येणाऱ्या एका दूधवाल्या दादांनी किटल्या रस्त्याकडेला उतरवून ठेवल्या, मला उठवून बसवलं, माझ्या फोनवरून भावाला फोन लावला आणि तो येईपर्यंत थांबले. त्या दिवशी त्यांचं दूध कितीजणांकडे उशिरा पोहोचलं असेल! सहा आठवडे हात गळ्यात. आईनं तेवढे दिवस वेणी घालून दिली, चाळीस वर्षांच्या मुलीला, आणि रोज एकच वाक्य: “त्या डबड्यापायी!”

मी सहा आठवडे बसून विचार केला. दुसरं काय करणार, टायपिंगसुद्धा एका हातानं. आणि तेव्हा जे सुचलं ते आज कमरेला बांधून आणलंय, कारण नुसतं सांगून कळणार नाही. हे बघा. हा दीड इंची नायलॉनचा पट्टा, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. आपल्या शाळेचं दप्तर आपण असंच तिरकं घ्यायचो. त्याला ही छोटी पिशवी, कॅमेरा आणि एक लेन्स मावेल एवढीच, जास्त जागा ठेवली तर आपण जास्त सामान भरतो. ही बसते उजव्या कुल्ल्याच्या मागच्या बाजूला, मणक्याच्या रेषेपासून चार बोटं बाजूला. आता फक्त एवढंच असतं तर वाकल्यावर ती घरंगळून पोटाशी येईल. म्हणून हा दुसरा पट्टा, कमरेभोवती. सगळं गुपित या दुसऱ्या पट्ट्यात आहे. वजन खांद्यावरून कमरेवर येतं आणि पिशवी हलत नाही. थांबले की हे बक्कल एका हातानं दाबायचं, पिशवी पुढे ओढायची, कॅमेरा हातात. बारा सेकंद. मूळ गळ्यातला पट्टा मी कापून टाकला, त्याच्या जागी मनगटात अडकवायची छोटी दोरी. लोंबणारं काहीही शिल्लक ठेवलेलं नाही. आणि वस्तू अंगावर असल्यामुळे खड्ड्यांचे हादरे माझे गुडघे आणि कोपरं खातात, लेन्स नाही.

उजवीकडेच का, असं कोणीतरी विचारेल. आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं चालवतो, उतरतो डावीकडे, पाय टेकतो डावा, आणि मातीत घसरून पडतो तेही बहुतेक वेळा डावीकडे. म्हणून सामान उजवीकडे. डावखुऱ्यांनी आपापलं बघावं.

हे मला शिवून दिलं ते पुण्यातल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर शाळेची दप्तरं दुरुस्त करणाऱ्या काकांनी. मी त्यांना संगणकावर काढलेलं मापासकट चित्र दिलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, सायकलवर बसून दाखवा.” मी दुकानासमोर सायकलवर बसले, ते खडू घेऊन माझ्याभोवती फिरले आणि जॅकेटवर दोन खुणा केल्या. माझ्या चित्रात पिशवी तीन इंच वर होती. दीडशे रुपये शिलाई घेतली. बाजारात अशा तयार बॅगाही मिळतात, तीन पट्ट्यांच्या, चांगल्या असतात. पण बहुतेक पुरुषांच्या मापानं बेतलेल्या असतात. छातीवरचा पट्टा कुठे येतो ते इथल्या बायकांना सांगायला नको.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. कासचं धुकं म्हणजे पाणीच. पिशवीत भाजीची जाड पारदर्शक पिशवी घडी करून ठेवते. घरी आलं की कॅमेरा तसाच कपाटात कोंबायचा नाही, पंख्याखाली तासभर, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यात येतात त्या फेकू नका. नाहीतर लेन्सला आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती निघत नाही. रंग बदलणारी निळी खडी वापरत असाल तर ती ओली झाली की गुलाबी होते आणि गरम केली की पुन्हा निळी. पण ती स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका, त्या निळ्या रंगात बरेचदा कोबाल्टचं मीठ असतं. जुना तवा वेगळा ठेवा.

झालं. खरं तर मी भाषण इथपर्यंतच लिहिलं होतं. पण मघाशी म्हटलं ना, आणखी एक गोष्ट गेली आहे.

डिसेंबर १९९३. आपण नववीत. आपल्या वर्गशिक्षिका, मराठीच्या बाई, आपल्याला सायकलींवरून संगम माहुलीला घेऊन गेल्या होत्या. आठवतंय ना? तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय. बाई स्वतः सायकलवर, साडीचा पदर कमरेला खोचून, सगळ्यात पुढे. विश्वेश्वराच्या देवळात बसून डबे खाल्ले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर बाईंनी रामशास्त्र्यांची गोष्ट सांगितली, आणि मुलांना त्यापेक्षा शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याच्या समाधीत जास्त रस होता. निघताना घाटाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवून ग्रुप फोटो काढला. बाई मधोमध. तो फोटो मी काढला होता. बाबांची यशिका होती माझ्याकडे. छत्तीस फोटोंचा रोल. देताना बाबांनी एकच गोष्ट सांगितली होती, “गळ्यातून काढायचा नाही.”

जाताना मी तो गळ्यातच ठेवला. पूर्ण रस्ताभर तो हॅन्डलवर आपटत होता. परतताना मी कंटाळले, आणि तो काढून कॅरिअरच्या चापेत लावला. वर वही ठेवली, म्हणजे घट्ट बसेल. कृष्णानगरच्या अलीकडे रस्त्यावर एक खड्डा आला. मी सगळ्यात मागे होते. कॅमेरा पडला आणि त्याचं मागचं झाकण उघडलं. माझीही सायकल कलली. ती सावरून, स्टॅन्डवर लावून मी वळेपर्यंत कॅमेरा उन्हात उघडा पडला होता. मी तो उचलला, झाकण लावलं, आणि कोणी पाहिलं नाही ना ते बघितलं. कोणी पाहिलं नव्हतं.

रोल धुवायला दिला. आणि मग तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की स्टुडिओवाल्यानं रोल खराब केला.

तुम्ही विश्वास ठेवलात. विश्वास ठेवलात एवढंच नाही. दहावीच्या निरोप समारंभाला फोटोग्राफर ठरवताना आपण त्या काकांना बोलावलं नाही, दुसऱ्याला बोलावलं. त्या दुकानावरून जाताना आपल्यातले काही जण ‘रोल जाळा, रोल जाळा’ असं ओरडायचे. मीही त्या घोळक्यात होते. मी ओरडत नव्हते, पण होते.

आता जे सांगते ते मला तेव्हा कळलं नव्हतं, इंजिनिअर झाल्यावर कधीतरी रात्री झोप येत नसताना कळलं. त्या कॅमेऱ्यात काढलेले फोटो डबीतून बाहेर येऊन दुसऱ्या बाजूला गुंडाळले जायचे. न काढलेले डबीतच, अंधारात सुरक्षित. झाकण उघडलं की काढलेलेच फोटो जळतात. त्यातही सगळ्यात शेवटी काढलेले सगळ्यात बाहेरच्या वेढ्यात असतात, ते पूर्ण जातात. आतले, आधी काढलेले, थोडेफार वाचतात. आपले पहिले नऊ वाचले होते, कडेला नारिंगी पट्टे आलेले. पुढचे एकोणीस गेले. आणि उरलेले आठ मी नंतर घरी येऊन आमच्या मांजरीचे काढले होते, ते अगदी स्वच्छ आले. म्हणजे काकांच्या हातात जी निगेटिव्ह आली तिच्यावर सगळं लिहिलेलं होतं. धुताना चूक झाली असती तर मांजरही गेली असती. मधलेच कसे जातील? त्यांनी मला काउंटरवर विचारलं होतं, “बाळ, मधेच झाकण उघडलं होतं का?” मी म्हटलं, “नाही.” त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग नऊ प्रिंट पाकिटात घातल्या आणि पैसे घेतले नाहीत. बाबा त्यांच्या ओळखीचे होते, आठवड्यातून दोनदा भेटायचे. काका बाबांना कधीही काही बोलले नाहीत. मुलं दुकानासमोर ओरडत होती तेव्हाही बोलले नाहीत.

आपण अकरावीत असताना बाई गेल्या. आपण काहीजण त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. त्यांची मुलगी, आपल्याहून लहान, मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, “ताई, आई माहुलीच्या फोटोचं सारखं म्हणायची. एखादा नाहीच का?” मी तिलाही तेच सांगितलं. स्टुडिओ.

कॉलरबोन मोडून आईकडे पडून होते तेव्हा या नऊ फोटोंचं पाकीट माळ्यावरच्या पेटीत सापडलं. तेव्हाच हातात प्लास्टर-बिस्टर नसतं तर उठून स्टुडिओत गेले असते असं मी स्वतःला सांगितलं. बरी झाल्यावर गेले. तिथे आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. शेजारच्या किराणावाल्यांनी सांगितलं, काका जाऊन बारा वर्षं झाली. उशीर मी केला होता, त्यात सहा आठवड्यांचा काही दोष नव्हता.

म्हणून आज तुमच्यासमोर सांगते. रोल त्यांनी खराब केला नव्हता. मी केला होता. ज्यांनी ज्यांनी माझ्यामुळे त्यांना नावं ठेवली, त्यांची मी माफी मागते, आणि तुमच्यापैकी कोणाची त्यांच्या घरच्यांशी ओळख असेल तर मला पत्ता द्या, मला त्यांच्याकडे जायचं आहे. बाईंच्या मुलीला मी मागच्या महिन्यात शोधून फोन केला. ती नाशिकला असते. सगळं ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्या नऊमध्ये आई कुठे आहे का?”

आहे. सातव्या फोटोत. हायवे ओलांडून पुढे गेल्यावर मी चालत्या सायकलवरून एका हातानं काढलेला, तिरका. उजव्या कडेला बाई पाठमोऱ्या, खोचलेला पदर, डावा हात हॅन्डलवर आणि उजवा हात मागे करून आपल्याला ‘एका रांगेत चला’ अशी खूण करताना. चेहरा दिसत नाही. वरच्या कोपऱ्यात नारिंगी पट्टा आहे, तो मी काढून टाकू शकले असते, हल्ली दोन मिनिटांचं काम आहे. ठेवला. तिला तो पाठवला, आणि तुमच्यासाठी नवही फोटोंच्या प्रती बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत. पुरतील, साठ संच केलेत. पाचव्या फोटोत कोणाचा तरी डबा उघडून सांडलेला आहे, तो कोणाचा हे मला अजून ओळखता आलेलं नाही.

आणि उद्या सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकापासून माहुली. अकराजणांनी नावं दिली आहेत, सायकली भाड्यानं सांगून ठेवल्या आहेत. ज्यांचे गुडघे ऐकत नाहीत त्यांनी रिक्षानं या, पण या, कारण घाटावर आठ वाजता ग्रुप फोटो आहे. सर, तुम्हाला मधे बसायचंय. ओढण्या नीट खोचून या, आणि येताना रस्त्यावरचा तो खड्डा अजून आहे, परवाच बघून आले.